सातची गोळी

नवसीची पोरगी दर रविवारी यायची आणि मला ते बघवायचं नाही. आता लपवून काय करायचं. अकरा वर्षं झाली मला या घरात. माझा पोरगा बोईसरला, दोन बसच्या वाटेवर, पण एकदा म्हणून आला नाही. आणि या नवसीला येऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं, तर हिची स्वाती एक रविवार चुकवायची नाही. पायरीवर बसून आईचे केस विंचरायची. आईच्याच ताटात जेवायची. आईनं उष्टा केलेला तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायची. मी तिकडं तांदूळ निवडत बसलेली असायची आणि खड्यांबरोबर तांदूळही फेकायची.

आमचं घर मासवणच्या अलीकडं, मनोर रस्त्यापासून आत, काजूच्या झाडांमागं. एका संस्थेनं बांधलेलं. बायकांची एक लांब खोली, पुरुषांची एक, मधे स्वयंपाकघर. आम्ही बावीस माणसं आणि बाविसांना एचआयव्ही. कुणाला कुठून लागला ते विचारायची पद्धत नाही. माझं सांगते. माझा नवरा रामकिसन जिंतूरकडून तारापूरला कंपनीत हमालीला आला, मागून मी आले. तो गेला तेव्हा कळलं की मलाही आहे. दीर म्हणाला, "वहिनी, तुमची भांडी तेवढी वेगळी ठेवा." मी भांडी ठेवली नाहीत, पिशवी उचलली आणि निघाले. भाग्येश तेव्हा सोळाचा होता. तो चुलत्याकडं राहिला.

घराचे नियम दोनच, पण पक्के. पहिला, सकाळी सातला गोळी. स्वतःची गोळी स्वतः घ्यायची नाही. जोडी लावलेली असते. जोडीदारणीनं तुमच्या हातावर गोळी ठेवायची, तुम्ही गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. मग तुम्ही तिला द्यायची. एकटं माणूस कंटाळतं, लबाडी करतं, म्हणून हे.

दुसरा नियम, फाटकाबाहेर ओळख द्यायची नाही. बाजारात, बसमध्ये आपलं माणूस समोर आलं तरी बघायचं नाही, हाक मारायची नाही. एकाला लोकांनी ओळखलं की त्याच्या शेजारी उभा असलेला आपोआप ओळखला जातो. जो दुसऱ्याचं बाहेर फोडेल त्यानं त्याच दिवशी गाठोडं बांधायचं. असं गाठोडं बांधताना मी दोघांना बघितलंय.

माझी जोडी आधी साखरबाईशी होती. ती वारली तेव्हा पुष्पलताताईंनी नवसीला माझ्याशी लावलं. पुष्पलताताई संस्थेच्या, पालघरहून आठवड्यातून दोनदा येतात आणि त्या म्हणतील ते होतं. नवसी विक्रमगडकडची. नवऱ्यामागं वीटभट्ट्यांवर फिरलेली. तो भट्टीवरच गेला. हिला जीपमधून उतरवली तेव्हा तीस किलोची होती, तोंडात सगळे फोड. दोन महिने तिला तांदळाची पेज मी पाजली, चमच्या चमच्यानं. तेव्हा मला तिचं काही वाटायचं नाही, उलट मायाच यायची. आडवं पडलेल्या माणसावर माया करायला काय लागतं.

मग ती उठली. अंगावर मांस चढलं. एक दिवस स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "बाय, मी भाकर भाजू?" मी म्हटलं भाज. तिनं तांदळाच्या भाकरी केल्या, पातळ, टम्म फुगलेल्या. त्या दिवसापासून जो तो विचारायला लागला, आज नवसीच्या हातची हाय का? अकरा वर्षं मी या लोकांना घास घातला. ज्वारी मिळत नाही तिथं कुठून कुठून ज्वारी आणून भाकरी थापल्या. कुणी म्हणालं नाही, रंभाबाईच्या हातची हाय का. मी परातीत पाणी जरा जोरात ओतलं.

पण भाकरीचं मी सोडून दिलं असतं. खरी गोष्ट खोलीची.

त्या उन्हाळ्यात घरामागं दोन खोल्यांचं एक बिऱ्हाड बांधून झालं. स्वतंत्र दार, स्वतंत्र मोरी, ओटा, खिडकीला जाळी. ताई म्हणाल्या, "ज्याचं कुणी घरचं येऊन राहणार असेल, येणार जाणार असेल, त्याला हे देऊ. श्रावणात ठरवू." नावं दोनच निघाली. माझं, कारण सगळ्यात जुनी मी. आणि नवसीचं, कारण स्वाती बोईसरला पाच मुलींबरोबर एका खोलीत राहायची, पॅकिंगला जायची, ती आईजवळ राहायला तयार होती.

मी त्याच संध्याकाळी भाग्येशला फोन लावला.

"आई, मी येत नाही असं नाही," तो म्हणाला. "पण तिथं सगळ्यांच्या खाटांमधून कसं यायचं, तूच सांग. आपली वेगळी खोली असली तर येतो की."

"ज्ञानेश्वरीला आणशील?"

"आणतो."

ज्ञानेश्वरी माझी नात. चार वर्षांची. फोटोत बघितलेली.

"आणि प्रतीक्षाला?"

"तिचं बघू. तिला सांगितलंय तू गावाला असतेस म्हणून."

सून लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली. लग्न गावाकडं झालं आणि मी इथं होते. ते जाऊ दे. मला त्या दिवशी एवढंच ऐकू आलं की आणतो. मी रोज मागं जाऊन त्या बिऱ्हाडाचा ओटा हात फिरवून बघायची. नात आली तर झोका कुठं बांधायचा ते कडीला हात पुरवून बघून ठेवलं.

आषाढ लागला आणि आवण्या, भाताच्या लावण्या, सुरू झाल्या. नवसीच्यानं घरात बसवेना. तिच्या अंगात शेत होतं. मागच्या वाटेनं, नदीच्या बाजूनं जाऊन ती रस्त्याला लागायची आणि सोमीच्या टोळीत मिळायची. सोमी मासवणच्या पाड्यावरची, अकरा बायांची टोळी घेऊन कुणाकुणाची आवणी करायची. नवसीनं तिला सांगितलेलं, मी पलीकडं चुलत बहिणीकडं राहते. टेम्पो रोज सकाळी आठला रस्त्यावर थांबायचा, नवसी सातला गोळी घेऊन जायची, संध्याकाळी चिखलानं माखून यायची आणि हसायची. तिच्या पोटऱ्या भरल्या होत्या. मला माझ्या हातांची हाडं दिसायची.

"आज लय मज्जा आली, बाय," ती पाय धुताना सांगायची. "सोमी गानी बोलते. तिच्या मागं मागं आमी बोलतो."

"बरं," मी म्हणायची.

एक दिवस पावसानं उघडीप दिली म्हणून टेम्पो साडेपाचलाच आला. रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला आणि नवसी मागच्या वाटेनं पळाली. तिची गोळी राहिली. सात वाजता मी एकटी पायरीवर बसलेली, माझी गोळी मला दुसऱ्या जोडीतल्या बाईनं दिली. नवसीची माझ्या हातात राहिली.

आता हे नीट सांगते. गोळी दहा बारा तास मागंपुढं झाली तर माणूस मरत नाही. ती संध्याकाळी आल्यावर दिली असती तरी चाललं असतं, हे मला नर्सबाईइतकं माहीत होतं. आणि दुसरंही मला माहीत होतं. मला मासवण ओळखतं. अकरा वर्षं दळण आणायला, दूध आणायला मीच जाते. त्या घरातली रंभाबाई. माझं लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून गावात मी ज्याच्याशी बोलेन ते माणूस कुठलं ते गावाला सांगावं लागत नाही. म्हणून तर मी कुणाशी बोलत नाही.

तरी मी ती गोळी पदराला बांधली आणि निघाले.

कुठल्या खाचरात जायचं ते नवसीनं आदल्या संध्याकाळी सांगितलेलं. खाचर लांब होतं. बांधावरून घसरत, चप्पल हातात घेऊन गेले. अकरा बाया एका रांगेत वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद, हातात राबाच्या मुठी, भराभर रोपं खोचत मागं सरकत होत्या. सोमीचं गाणं चालू होतं. नवसी मधोमध. तिचा हात सगळ्यांच्या पुढं चालत होता. ती गात होती. घरात तिला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी तिला खुणेनं बोलावू शकले असते. मी बांधावर उभी राहिले आणि ओरडले, "नवसे, ए नवसे. सकाळची गोळी राहिली की तुझी."

गाणं थांबलं. अकराच्या अकरा पाठी सरळ झाल्या.

सोमीनं माझ्याकडं बघितलं, मग नवसीकडं. "कसली गोली?"

"रोजची," मी म्हटलं. "आमच्या घरात सगळ्यांनाच घ्यावी लागते."

नवसी गुडघाभर चिखलातून चालत बांधापाशी आली. हात पाण्यात बुडवून धुतला, लुगड्याला पुसला आणि पुढं केला. मी गोळी ठेवली. तिनं पाण्यावाचून गिळली. आणि मग तिथं, सगळ्या बायांच्या समोर, नियमाप्रमाणं तोंड उघडून मला दाखवलं.

मला तिथून निघता आलं नाही. बांधावर जरा लांब बसून राहिले, घाम पुसत असल्यासारखं केलं. बाया जेवायला बसल्या. नवसी रोजच्या जागी बसायला गेली तर शेजारची सरकली, तिच्या पलीकडची उठूनच गेली. कळशीवर एकच पेला होता. बाकीच्यांनी पेल्यानं पाणी प्यायलं. नवसीची पाळी आली तेव्हा सोमी म्हणाली, "ओंजल कर." आणि वरून पाणी ओतलं. नवसी ओंजळीनं प्यायली, पाणी तिच्या कोपरांवरून खाली गळत होतं.

मला बरं वाटलं. लाज वाटली असं सांगितलं तर तुम्हाला पटेल, पण तसं नाही, बरं वाटलं. ते बरं वाटणं घरचं फाटक दिसेपर्यंत टिकलं. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो थांबला नाही. नवसी रस्त्याला उभी होती, तिला बघून ड्रायव्हरनं जरा वेग कमी केला, मागून कुणीतरी पत्र्यावर हात मारला आणि टेम्पो गेला. ती परत आली आणि अंगण झाडायला लागली. झाडलेलं अंगण तिनं दोनदा झाडलं.

मी वाट बघत होते, ही मला शिव्या देईल, ताईंना फोन करेल. तिनं काहीच केलं नाही. फक्त त्या दिवसापासून सकाळी माझ्या हातावर गोळी ठेवताना ती जरा थांबायला लागली. गोळी दोन बोटांत धरून उभी राहायची, माझ्या तळहाताकडं बघत. मग ठेवायची.

चौथ्या दिवशी बुधवार असून स्वाती फाटकाशी आली. हातात कपड्यांची पिशवी, बगलेत गुंडाळलेली चटई, अंगावरचा ड्रेस पावसानं चिकटलेला. सोमीची भाची तिच्याच पॅकिंगमध्ये होती, स्वाती कुणाची पोरगी ते तिला माहीत होतं. बातमी टोळीतून पाड्यावर, पाड्यावरून बोईसरला गेली. खोलीतल्या मुलींनी तिचं सामान दाराबाहेर ठेवलं. त्या म्हणाल्या, काम कर, आमचं काही म्हणणं नाय, पण आमच्यात झोपू नको.

हे मी धरलं नव्हतं. मला नवसीचं गाणं बंद करायचं होतं. पोरीचं अंथरूण बाहेर टाकायचं माझ्या मनात नव्हतं. पण मनात नव्हतं म्हणून काय झालं, झालं ते माझ्याच तोंडानं.

पुष्पलताताई दुसऱ्या दिवशी आल्या आणि सगळ्यांना पडवीत बसवलं. ताई ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नवसीचं बाहेर कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "आत्ताच बोला. मी टोळीत जाऊन विचारणार नाही, अजून चार जणांना कळेल. इथंच कळू दे."

माझं गाठोडं केवढंसं होईल ते मी मनात बघून घेतलं. दोन लुगडी, तवा, फोन, नातीचा फोटो. जायचं कुठं ते मात्र दिसलं नाही.

"नवसी, तुला माहीत असेल," ताई म्हणाल्या.

नवसीनं माझ्याकडं बघितलं नाही. "कुनी नाय सांगितलं," ती म्हणाली. "माझीच डबी चिखलात पडली. बायांनी बगितली. माझीच चूक."

ताई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "स्वातीला आता राहायला जागा नाही. ते मागचं बिऱ्हाड नवसीला देऊया. रंभाबाई, तुमचं काही म्हणणं?"

"माझं काय म्हणणं," मी म्हटलं.

म्हणजे बघा. खोली तिला माझ्याच जिभेनं दिली. मी गप्प बसले असते तर मला मिळाली असती, कोण जाणे. त्या मायलेकींनी दूध उतू घातलं तेव्हा पातेलं मीच पुसून दिलं. स्वातीनं आईला नवा गाऊन आणला, खिडकीला पडदा लावला. झोका बांधायची माझी कडी होती तिथं तिनं कपड्यांची दोरी बांधली. रात्री त्यांचं हसणं बायकांच्या खोलीपर्यंत यायचं. मी कूस बदलायची. वाचले होते ते त्या बाईमुळं, हे कळत होतं, आणि त्यामुळं ती जास्तच डोळ्यांत खुपत होती. उपकार करून वर खोलीही घेऊन बसली.

भाग्येशला फोनवर सांगितलं, खोली नाही मिळाली. तो म्हणाला, "असू दे आई, पुढच्या वेळी बघू." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. मी ऐकलं नाही असं केलं.

भाद्रपदात, गणपतीच्या सुमारास, महिन्याचा किराणा आणायला मला बोईसरला पाठवलं. बरोबर ओझं उचलायला नवसी, कारण तिचं काम सुटलेलंच होतं. पालघरला बस बदलून गेलो. उतरल्यावर नियमाप्रमाणं मी पुढं, ती दहा पावलं मागं. मी दुकानात माल घेऊन कट्ट्यावर ठेवायची, मी पुढं गेले की ती येऊन गोणीत भरायची. दोन अनोळखी बायका एकाच गोणीवर राबताना कुणी नीट बघितलं असतं तर हसलं असतं.

बाजार सणाचा होता. मखरं, माळा, आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे फळीवर ओळीनं मांडलेले. आमच्याकडं परभणी जिंतूरला गौरी नाही म्हणत, महालक्ष्म्या म्हणतात. माझे पाय आपोआप तिथं थांबले. दीराच्या घरी आमचे पितळेचे मुखवटे होते, सासूनं माझ्या हातात दिलेले.

"दादा, या दोघी बसवताना कोणती डावीकडं ते सांगता का?" शेजारी एक पोरगी दुकानदाराला विचारत होती. दुकानदार हिंदीवाला, त्याला काय कळणार. मी बघितलं. फोटोतलीच ती. प्रतीक्षा. तिच्या कडेवर ज्ञानेश्वरी, रामकिसनची हनुवटी जशीच्या तशी. आणि मागं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन माझा भाग्येश.

त्यानं मला बघितलं. बघितलं हे मी बघितलं. मग तो फळीवरची एक माळ उचलून तिचे मणी न्याहाळायला लागला.

"मावशी, जरा सरकता का?" प्रतीक्षा म्हणाली. आवाज गोड होता. मग माझ्या कपाळाकडं, लुगड्याकडं बघून म्हणाली, "तुमच्याकडं बसवतात का हो महालक्ष्म्या?"

"बसवायचो," मी म्हटलं. "डावं उजवं घरच्या रीतीवर असतं. पण आत आणताना रीत आहे. सुनेनं मुखवटे घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं. सासूनं आतून विचारायचं, कशाच्या पावली आलीस? सून म्हणते, सोन्याच्या पावली. प्रत्येक खोलीच्या दारात विचारायचं."

"बघा ना," ती म्हणाली, "आमच्यात विचारायलाच कुणी नाही. सासूबाई हे लहान असतानाच वारल्या. काय करायचं ते यांनाही माहीत नाही."

भाग्येशनं मान वर केली नाही. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं सापडलं की असेच व्हायचे.

गावाला असते, एवढंच सांगितलंय म्हणाला होता मला. मी मेले होते आणि मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं.

एका हाकेचं काम होतं. भाग्या, असं म्हटलं असतं की झालं. ती वळली असती, दुकानदार वळला असता, चार बाया थांबल्या असत्या. बांधावर उभं राहून मला जमलं होतं, इथंही जमलं असतं. जिभेवर आलं होतं. मग ती सोमीनं वरून ओतलेली पाण्याची धार माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि ही पोरगी कडेवरच्या लेकरासकट कुणाच्या दाराबाहेर उभी दिसली.

"मावशी, तुम्ही परभणीकडच्या का?" प्रतीक्षानं विचारलं. "बोलण्यावरनं वाटतंय."

"नाही बाई," मी म्हटलं. "मी इकडचीच. मासवणची."

"मग विचारायचं कुणी?"

"तूच विचार, तूच सांग," मी म्हटलं. "नाहीतर लेकीला विचारायला लाव. चालतं."

ज्ञानेश्वरी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत होती. मी हात मागं घेतला. भाग्येश बायकोला म्हणाला, "चल, उशीर होतोय." ते गेले. तो गर्दीत शिरेपर्यंत मागं बघतो का ते मी बघितलं. नाही बघितलं त्यानं.

मी तिथंच उभी. मला पाऊल उचलेना. दुकानदार म्हणाला, "लेना है तो लो, नहीं तो आगे बढ़ो." लोक धक्का देऊन जात होते. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही.

"रंभाबाय."

मोठ्यानं. सगळ्या बाजारात. मी वळले तर नवसी, डोक्यावर गोणी, दहा पावलांचं अंतर तोडून सरळ माझ्यापाशी आलेली. नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता.

"चल," ती म्हणाली. "गाडी सुटल." आणि तिनं माझं मनगट धरलं, सगळ्यांच्या देखत, आणि मला बसस्टँडापर्यंत तशीच धरून नेलं.

बाकावर गोणी मधे ठेवून आम्ही बसलो.

"तुजा पोरगा होता ना," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"हनुवटी तुज्यासारखी हाय."

हनुवटी रामकिसनची होती. मी म्हटलं, "त्या दिवशी बांधावर मी मुद्दाम ओरडले."

"माहीत हाय."

"तुझी पोरगी येते म्हणून. तुझं गाणं ऐकून. मला सहन होईना."

"ते पन माहीत हाय."

"मग ताईंना का नाही सांगितलंस? माझं गाठोडं बांधलं असतं त्यांनी."

नवसीनं गोणीचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं. "आनि मला गोली कोनी दिली असती? स्वातीला नाय जमत. गोली बगितली का रडते ती." मग म्हणाली, "तू मला पेज पाजली हाय. ते मी इसरले नाय. बांधावरचा पन इसरले नाय. रोज सकाळी तुज्या हातावर गोली ठेवताना वाटतं, आज हिला देऊच नये. मग देते."

बस आली. मी पुढच्या दारानं चढणार होते, सवयीनं. तिनं मला मागं ओढलं आणि आम्ही एकाच सीटवर बसून पालघरपर्यंत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पायरीवर जाऊन बसले. नवसी तिच्या नव्या दारातून आली, ओले केस पाठीवर, मागं स्वाती दात घासत उभी. आधी मी दिली. तिनं गिळली, तोंड उघडून दाखवलं. मग तिनं माझ्या डबीतून गोळी काढली, दोन बोटांत धरली आणि थांबली.

मी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. या वेळी ती कशासाठी थांबली ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. मी घाई केली नाही. तिनं न देता आत निघून जायचं ठरवलं असतं तर मी काही म्हणणार नव्हते.

हात दुखायला लागला तरी मी तो खाली घेतला नाही. मग तिनं गोळी ठेवली.

"तोंड उघड," ती म्हणाली.